आधी पाऊलवाट की आधी वल्हे : सोलापूरच्या एका पुनरुज्जीवित तलावावरील सहलीचा प्रकरण अभ्यास

डिसेंबरमधल्या एका रविवारी सोलापुरातील आमच्या निसर्गप्रेमी गटाने शहराच्या कडेला असलेल्या एका पुनरुज्जीवित तलावावर अर्ध्या दिवसाची सहल नेली. गटात ३४ जण होते : महाविद्यालयीन विद्यार्थी, तीन-चार कुटुंबे, त्यांतली लहान मुले आणि पाच ज्येष्ठ नागरिक. त्या सकाळी शेवटच्या तुकडीतील एक दुहेरी कयाक, म्हणजे दोघांनी वल्हवायची अरुंद, बुटकी बोट, वाऱ्याने पाणपक्ष्यांच्या उथळ भागात ढकलली जाऊन गाळात रुतली आणि तिच्यातले दोन विद्यार्थी सुमारे ४० मिनिटे तेथे अडकून राहिले. ज्यांना पाहण्यासाठी आम्ही गेलो होतो, ते बहुतेक पक्षी तेवढ्या वेळात तलाव सोडून गेले. कोणाला इजा झाली नाही आणि वृत्तपत्रात छापून यावे असेही काही घडले नाही. अशा प्रसंगांची नोंद सहसा कोणी ठेवत नाही, म्हणून ती येथे सविस्तर केली आहे. तलावाचे, बोटी चालवणाऱ्या ठेकेदाराचे आणि सहभागी माणसांचे नाव दिलेले नाही. त्या दिवसाचे वेळापत्रक मी आखले होते, त्यामुळे पुढे ज्या चुका येतील त्यांतल्या मोठ्या वाट्याचा धनी मीच आहे.

तलावाची ठेवण

सोलापुरात वर्षाला सरासरी ५५० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याचा मोठा भाग सप्टेंबरच्या परतीच्या सरींत येतो. त्यामुळे येथे पाणी साठवण्याची रीत जुनी आहे. बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांच्या कार्याशी परंपरेने जोडला गेलेला, भुईकोट किल्ल्याला लागून असलेला सिद्धेश्वर तलाव, विजापूर रस्त्यावरचा धर्मवीर संभाजी तलाव, ज्याला जुने लोक अजूनही कंबर तलावच म्हणतात, आणि आदिला नदीवर इंग्रजी अमदानीत, १८७१ च्या सुमारास पूर्ण झालेला हिप्परग्याचा एकरुख तलाव ही त्याची ठळक उदाहरणे आहेत. आमचा तलाव या तिन्हींपेक्षा लहान आहे, पण त्याचा साचा दख्खनी तलावांचा नेहमीचाच आहे, आणि तो साचा समजल्याशिवाय पुढचे प्रकरण समजणार नाही.

अशा तलावाच्या एका बाजूला मातीचा बांध असतो. त्याला आतून दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचे अस्तर, असते, तेथे पाणी खोल असते आणि काठ तीव्र उताराचा असतो. समोरच्या बाजूने ओढा आत येतो. तिकडे जमीन हळूहळू उतरत जाते, पाणी घोट्यापासून गुडघ्यापर्यंतच असते आणि ओढ्याने आणलेला गाळ तेथेच बसतो. याला पाणफुगवट्याची बाजू म्हणतात. पाणकणीस, लव्हाळे, किडे, गोगलगायी आणि माशांची पिल्ले यांचे राज्य याच भागात असते, आणि म्हणून पक्षीही येथेच असतात. लांब पायांच्या शेकाट्याला किंवा चिखल गाळून खाणाऱ्या थापट्या बदकाला बांधाकडच्या खोल पाण्यात करण्यासारखे फारसे काही नसते. थोडक्यात, लोक ज्याला तलाव म्हणून फोटो काढतात तो बांधाकडचा भाग आणि पाणथळ म्हणून ज्याचे मोल आहे तो पाणफुगवटा, या दोन वेगळ्या जागा आहेत. आमच्या तलावात बांध आग्नेयेला आहे आणि ओढा वायव्येकडून येतो. ही दिशांची गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे तीच नडली.

पुनरुज्जीवनापूर्वी हा तलाव पाच-सहा वर्षे जलपर्णीने पूर्ण झाकलेला होता. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली आहे. पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट भरपूर मिळाले आणि ऊन चांगले असले, तर तिचा पसारा दोन आठवड्यांच्या आसपास दुप्पट होतो. शहरातल्या ओढ्यांतून येणारे सांडपाणी तिला नेमके हेच पुरवते. वर हिरवी चादर पसरली की खाली उजेड पोहोचत नाही, पाण्यातील वनस्पतींकडून मिळणारा प्राणवायू थांबतो, कुजणारी पाने उरलासुरला प्राणवायू खातात आणि पहाटेच्या वेळी मासे तोंड वर काढून मरू लागतात. यंत्राने जलपर्णी काढणे हा कामाचा दिसणारा भाग असतो. खरे काम ओढ्याचे सांडपाणी तलावात येण्याआधी वळवण्याचे असते. आमच्या तलावाबाबत ते बऱ्याच अंशी झाले आहे, पण पूर्ण झालेले नाही, आणि जलपर्णीचे बी गाळात कित्येक वर्षे जिवंत राहत असल्यामुळे दर पावसाळ्यानंतर कोपऱ्याकोपऱ्यात तिचे नवे झुबके उगवतात. ते हाताने उपटण्याचे काम स्वयंसेवक करतात.

येथे एक गोष्ट श्रेय देऊन सांगितली पाहिजे. गाळ काढताना सगळा तलाव कढईसारखा एकसारखा खोल करून चारही बाजूंनी दगडी पिचिंग करण्याचा मोह बहुतेक ठिकाणी आवरत नाही, कारण ते काम मोजायला आणि दाखवायला सोपे असते. येथे मात्र पाणफुगवट्याच्या बाजूला हात लावला नाही. भोवती सुमारे अडीच किलोमीटरची मुरमाची पाऊलवाट केली, तीही त्या बाजूला काठापासून दूर नेली. बांधाशी लाकडी धक्का बांधून सात दुहेरी कयाक ठेवल्या. त्यांना परवानगी फक्त बांधाकडच्या निम्म्या पाण्यात फिरण्याची होती. तलावाचा आराखडा असा शहाणपणाचा होता, आणि तरीही आमची सहल फसली.

आखणी

सहलीआधी दोन आठवडे मी आणि गटातील एक ताई पाहणीसाठी जाऊन आलो. आम्ही सकाळी आठला पोहोचलो आणि साडेनऊपर्यंत थांबलो. वाट चालून पाहिली, कोठे सावली आहे, ज्येष्ठांना बसायला बाक कोठे आहेत, स्वच्छतागृहाला पाणी आहे का, हे सगळे वहीत टिपले. धक्क्यावर दोरीला टांगलेली लाइफ जॅकेट मोजली, ती १४ भरली. सात कयाक, प्रत्येकी दोघे, म्हणजे हिशेब बरोबर जुळला. तो इतका सहज जुळला की त्यांतले एकही जॅकेट आम्ही अंगात घालून पाहिले नाही.

जॅकेटबद्दल आमच्या गटात आधीच कडक नियम होता. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी यांच्या दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. तेव्हापासून या जिल्ह्यात पाण्यावर जायचे म्हटले की घरातली माणसे पहिला प्रश्न जॅकेटचा विचारतात, आणि तो विचारलाच पाहिजे. ‘जॅकेटशिवाय धक्क्यावरसुद्धा उभे राहायचे नाही’ हे वाक्य सहलीच्या सूचनापत्रात ठळक अक्षरांत होते.

एकूण २७ जणांनी कयाकसाठी नाव दिले, त्यांत तीन मुले दहा वर्षांखालची होती. मी आखलेले वेळापत्रक असे होते : सूर्योदय ६ वाजून ५० मिनिटांच्या सुमारास असल्याने सातला फाटकाशी जमायचे, साडेआठपर्यंत सगळ्यांनी मिळून पाऊलवाटेने पाणफुगवट्याकडे जाऊन पक्षी पाहायचे, साडेआठ ते दहा कयाकच्या दोन फेऱ्या, आणि मग न्याहारी. पक्षी आधी आणि पाणी नंतर, हा क्रम मला स्वाभाविक वाटला. पहाटे पक्षी खाण्यात गुंतलेले असतात, उजेड मऊ असतो आणि गारठ्यात भिजायला कोणी तयार नसते, ही त्यामागची कारणे होती आणि तिन्ही खरी होती.

त्या क्रमात वाऱ्याचा विचार मात्र नव्हता. सोलापुरात हिवाळ्यात वारा प्रामुख्याने पूर्वेकडचा असतो. सकाळी तो पडलेला असतो आणि जमीन तापू लागली की दहाच्या सुमारास उठतो. शेतात उफणणी करणाऱ्या कोणालाही हे विचारले असते तर त्याने सांगितले असते. आम्ही पाहणीहून साडेनऊलाच परतलो होतो, त्यामुळे त्या तलावावर वारा उठलेला आम्ही पाहिलाच नव्हता.

त्या सकाळी

पहिला दीड तास मनासारखा गेला, आणि त्याचे वर्णन थोडे लांबवण्याचा मोह आवरत नाही. पाण्यावर धुके होते. वारकऱ्यांचा, म्हणजे कपाळावर पांढरा टिळा असलेल्या काळ्या पाणपक्ष्यांचा, मोठा थवा पाणकणसाच्या पुढे पसरला होता. तो दीडशेच्या खाली नसावा. थापट्या बदके गोल गोल फिरत पाणी घुसळत होती, हळदीकुंकू बदकांच्या जोड्या काठाला होत्या, जांभळ्या पाणकोंबड्या लव्हाळ्यात कोंब मोडून खात होत्या, आणि एक राखी बगळा सबंध वेळ एकाच दगडावर उभा होता. एकदा दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी वरून घिरटी घालून गेला तेव्हा सगळे वारकरी एका ठिकाणी गोळा झाले, आणि तो निघून गेल्यावर पुन्हा पांगले. लहान मुलांना ते दृश्य सर्वांत जास्त आवडले.

याच वेळी एक गोष्ट घडली, तिचे महत्त्व मला नंतर कळले. आमच्यात शहराच्या पूर्व भागातले एक निवृत्त यंत्रमाग कामगार होते, त्यांना सगळे काकाच म्हणतात. घरी तेलुगू बोलणाऱ्या काकांचे मराठी अस्सल सोलापुरी आहे. वाटेवर थांबून त्यांनी ओढ्याच्या मुखाकडे बोट दाखवले आणि शेजारच्या मुलाला म्हणाले, “लहानपणी इथं म्हशी धुवायला आणायचो. त्या कोपऱ्यात एकदा म्हैस रुतली ती संध्याकाळपर्यंत निघाली नाही बघ.” सगळे हसले. मीही हसलो आणि वही खिशातच राहिली.

साडेआठला धक्क्यावर गेलो आणि अडचणी सुरू झाल्या. चौदा जॅकेटांपैकी तिघांचे बक्कल तुटलेले होते. लहान मापाचे एकही नव्हते. पाच वर्षांच्या मुलीला मोठे जॅकेट घालून पाहिले तर ते तिच्या कानांपर्यंत येत होते, आणि असे जॅकेट पाण्यात वर सरकून डोक्यावरून निघते. तिन्ही मुलांना पाण्यावर नेणार नाही, असे मी जाहीर केले. त्यावर रडारड झाली, एका आईने नाराजीही बोलून दाखवली, पण तो निर्णय बरोबर होता आणि त्याबद्दल मला आजही शंका नाही. उरलेल्या अकरा जॅकेटांत पाच कयाक आणि दहा माणसे बसत होती. म्हणजे २४ जणांच्या दोन फेऱ्यांऐवजी तीन फेऱ्या झाल्या : दहा, दहा आणि चार.

पहिली फेरी ८ वाजून ५० मिनिटांनी निघाली. दुसरी ९ वाजून ३५ मिनिटांनी निघून सव्वादहाच्या आत परतली. दुसऱ्या फेरीतले लोक परत येताना दमलेले दिसत होते आणि त्यांतल्या एकाने “येताना जोर लावावा लागतोय” असे सांगितलेही होते. सांडव्याजवळच्या खांबावरचे फडके तोवर हलू लागले होते. बोटी सांभाळणाऱ्या मामांना मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “वारा हाय, पण बांधाच्या कडंकडंनं मारलं तर काय होत नाही.” हे उत्तर त्यांच्यापुरते खरे होते. ते वीस वर्षे वल्हे मारत आले आहेत. जे चौघे राहिले होते, त्यांनी त्या सकाळपूर्वी वल्हे हातात धरले नव्हते.

येथे शेवटची फेरी रद्द करणे हाच निर्णय योग्य होता. मी तो घेतला नाही. चौघेही प्रथम वर्षाचे विद्यार्थी, सातपासून आपली पाळी येण्याची वाट पाहत थांबलेले, पैसे आधीच भरलेले. त्यांतला एक जण रात्रपाळी करून थेट आला होता. त्यांना नाही म्हणणे मला जड गेले. मुलांना नाही म्हणताना माझ्या हातात मोडके बक्कल होते, ते सगळ्यांना दाखवता येत होते. वारा दाखवता येत नव्हता.

दोन कयाक १० वाजून २० मिनिटांनी निघाल्या. “त्या वाळलेल्या बाभळीच्या पलीकडे जायचे नाही” अशी सूचना मी तिन्ही फेऱ्यांना दिली होती. ती बाभूळ मी बांधावर उभा राहून निवडली होती. बांधावरून ती स्पष्ट दिसते. कयाकमध्ये बसल्यावर माणसाचे डोळे पाण्यापासून जेमतेम अडीच-तीन फुटांवर येतात आणि पुढच्या पाणकणसाआड ती बाभूळ पूर्ण झाकली जाते, हे मला नंतर स्वतः बसून पाहिल्यावर समजले. पहिल्या दोन फेऱ्या बांधाजवळच राहिल्या, म्हणून ही त्रुटी उघड झाली नव्हती.

एक कयाक दहा मिनिटांत घाबरून परतली. दुसरीतल्या दोघांना जाताना वल्हे मारण्याची गरजच वाटली नाही, कारण पूर्वेचा वारा त्यांना अलगद पश्चिमेकडे, म्हणजे नेमका पाणफुगवट्याकडे नेत होता. वळण्याचा प्रयत्न केल्यावर कयाक वाऱ्याला आडवी झाली आणि अधिकच वेगाने सरकू लागली. पाणकणसाच्या तोंडाशी पोहोचली तेव्हा वारकऱ्यांचा सगळा थवा पाण्यावर पाय आपटत पळाला आणि उठला. पाठोपाठ थापट्या आणि हळदीकुंकू बदके उडाली. त्यांनी तलावावर दोन वळसे घातले आणि दक्षिणेकडे निघून गेली. कयाक गाळात टेकली.

सोलापूरचा गाळ म्हणजे काळी माती. ती ओली झाली की पाय ओढते. पुढे बसलेल्या मुलाने कयाक ढकलण्यासाठी एक पाय बाहेर काढला, तेवढ्यात पाऊलवाटेवरून काका आवाज टिपेला नेऊन ओरडले, “पाय टाकू नको रे! तसाच बस!” मुलगा थबकला. मामांनी दुसरी कयाक घेऊन जवळ जाण्याचा प्रयत्न केला, पण आपणही रुतू हे ओळखून ते अलीकडेच थांबले. मग धक्क्यावरून लांब दोर मागवला, तो दोनदा फेकल्यावर मुलांच्या हाती लागला आणि कयाक मागच्या मागे ओढून काढली. धक्क्याला लागायला अकरा वाजून गेले.

न्याहारीला कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही होते. ती आम्ही फाटकाबाहेर खाल्ली, कारण तलावाच्या काठी अन्न न्यायचे नाही हा आमचा नियम आहे. माशांना पावाचे तुकडे आणि पिठाच्या गोळ्या टाकण्याची हौस पुण्यकर्म समजली जाते, पण न खाल्लेले पीठ तळाशी कुजते आणि त्याचा परिणाम सांडपाण्यासारखाच होतो. दोन्ही मुलांना साबणाने हातपाय धुवायला लावले आणि कोठे खरचटले आहे का ते पाहिले. सांडपाणी पूर्ण थांबलेले नसलेल्या पाण्यात जखम बुडाली तर लेप्टोस्पायरोसिससारख्या आजाराचा धोका असतो. त्यामुळे ताप आल्यास डॉक्टरांना या पाण्याचा उल्लेख जरूर करावा, हे त्यांच्या घरी फोन करून सांगितले.

चूक नेमकी कोठे

पुढच्या आठवड्याच्या बैठकीत तीन कारणे पुढे आली : ठेकेदाराची मोडकी जॅकेट, अचानक उठलेला वारा आणि मुलांचा नवखेपणा. तिन्ही कारणे सोयीची होती, कारण तिन्हींत दोष दुसऱ्याकडे जात होता. जॅकेट मोडकी ठेवणे हा ठेकेदाराचा दोष खराच, आणि तो आम्ही लेखी कळवला. पण वारा अचानक उठला नव्हता, तो रोजच्या वेळेला उठला होता. आणि मुले नवखी होती हे आम्हाला आधीपासून माहीत होते.

माझ्या मते मूळ चूक क्रमाची होती. वेळापत्रक आखताना मी माणसांच्या सोयीपासून सुरुवात केली : थंडी, उजेड, भूक. पाण्याच्या बाजूने सुरुवात केली असती तर उलटा क्रम आला असता. शांत पाणी फक्त पहिल्या दोन-तीन तासांत मिळते, म्हणून वल्हे त्याच वेळेत हवे. पक्षी मात्र दहानंतरही पाणफुगवट्यातच असतात, फक्त ते खाण्याऐवजी विसावलेले असतात. पाहणाऱ्याला त्याने फारसा फरक पडत नाही. कयाकचा कार्यक्रम सकाळी सातला बांधाकडच्या अर्ध्या पाण्यात ठेवला असता, तर वारा उठण्यापूर्वी ती बाहेर आली असती आणि उथळ भागाकडे वाहून जाण्याचा प्रश्नच उद्भवला नसता.

गटातल्या काहींनी असे मत मांडले की कयाकला इंजिन नसते, आवाज नसतो, मग पक्ष्यांना तिचा उपद्रव कसला. हे मत ऐकायला पटणारे आहे, पण मला ते चुकीचे वाटते. पाऊलवाटेवरचा माणूस पक्ष्याला लांबून दिसतो, तो ठरलेल्या रेषेत चालतो आणि पक्षी त्याला मापून बसलेला असतो. कयाक बुटकी असते, ती मोकळ्या पाण्याकडून येते, म्हणजे पक्ष्याची पळण्याची बाजूच अडवते, आणि आवाज न करता फार जवळ पोहोचते. वारकरी हा जड पक्षी आहे. त्याला उडण्यासाठी पाण्यावर लांब धावावे लागते आणि त्यात पुष्कळ शक्ती खर्च होते. हिवाळी पाहुण्या बदकांना मार्चमध्ये परतीचा लांब प्रवास करायचा असतो, त्यासाठीची चरबी त्यांना याच दिवसांत साठवायची असते. एका सकाळी एकदा उडावे लागले म्हणून कोणी मरत नाही. पण दर रविवारी चार वेळा उडावे लागले तर तो थवा हा तलाव सोडून देतो, आणि मग पुनरुज्जीवनात राखलेला उथळ भाग नुसता चिखल उरतो.

कायद्याचा आधार घ्यावा असेही एकाने सुचवले. पाणथळ जागांसाठी केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत. अधिसूचित पाणथळात कचरा आणि प्रक्रिया न केलेले सांडपाणी टाकण्यास, तसेच पूररेषेपासून ५० मीटरांच्या आत पक्के बांधकाम करण्यास ते मनाई करतात. मात्र खास सिंचनासाठी, पिण्याच्या पाण्यासाठी किंवा मनोरंजनासाठी बांधलेले मानवनिर्मित जलाशय त्या नियमांच्या व्याख्येतूनच वगळलेले आहेत, आणि सोलापूर परिसरातील बहुतेक तलाव मानवनिर्मित असल्याने प्रत्येकाबाबत आधी व्याख्येचाच वाद उभा राहतो. शिवाय कयाकने कोठवर जावे हे असे नियम ठरवत नाहीत. ती रेषा जागेवरच आखावी लागते.

काकांची म्हैस मात्र मला सर्वांत जास्त बोचली. त्या कोपऱ्यात गाळ किती खोल आहे, ही या प्रकरणातली सर्वांत उपयोगाची माहिती होती आणि ती दोन आठवड्यांच्या तयारीत आम्ही कोणालाही विचारली नाही. तलावाभोवती वाढलेली माणसे सहलीत ‘ज्येष्ठ नागरिक’ या रकान्यात होती. त्यांच्यासाठी आम्ही बाक शोधले होते.

फेब्रुवारीची फेरी

२ फेब्रुवारीच्या जागतिक पाणथळ दिनानंतरच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी २० जणांनाच घेतले आणि कयाकसाठी फक्त दहा नावे स्वीकारली, एकाच फेरीत आरामात बसतील तेवढीच. काका आणि मामा यांना आदल्या रविवारी सोबत घेऊन बांधाकडच्या पाण्याची हद्द ठरवली आणि लाल फडकी बांधलेले बांबू रोवले. बांबू नीट दिसतात का, हे कयाकमध्ये बसून तपासले. ठेकेदाराने बक्कले दुरुस्त केली होती आणि लहान मापाची दोन जॅकेट आणली होती. प्रत्येकाला जॅकेट घालायला लावून खांद्याला धरून वर ओढून पाहिले. जे हनुवटीपर्यंत सरकले ते बदलले.

कयाक ७ वाजून १० मिनिटांनी पाण्यात उतरल्या आणि आठ वाजून दहा मिनिटांनी बाहेर आल्या. उरलेले दहा जण त्या वेळात बांधावर बसून राहिले, आणि त्यांना गारठ्याचा त्रास झाला हे मान्य केले पाहिजे. एक आजी तर पुढच्या वेळी येणार नाही म्हणाल्या. साडेआठनंतर सगळे पूर्वेकडच्या वाटेने निघालो, त्यामुळे सूर्य पाठीशी राहिला आणि पक्ष्यांचे रंग डिसेंबरपेक्षा स्पष्ट दिसले. वारकरी होते, थापट्या होत्या, आणि डिसेंबरमध्ये नसलेली भुवई बदकांची एक टोळीही होती. दहाला वारा उठला तेव्हा आम्ही वाटेवर होतो. थवे जागेवर बसून राहिले.

एक गोष्ट पुन्हा नजरेतून सुटली होती. आमच्या भागात उघड्या पाण्याचे वर्षभरात दीड मीटरहून अधिक बाष्पीभवन होते, आणि उताराच्या बाजूला पाण्याची पातळी वीतभर उतरली तरी काठ कितीतरी पावले मागे सरकतो. डिसेंबरमध्ये ज्या पाणकणसात कयाक रुतली होती, तेथे आता भेगाळलेली जमीन होती आणि तिच्या कडेला कोणीतरी गाळपेराचा, म्हणजे पाणी ओसरून उघड्या पडलेल्या गाळात पेरायचा, हरभरा लावला होता. पक्षी पाण्यामागे सरकत तलावाच्या मध्याकडे आले होते. आम्ही आठवड्यापूर्वी रोवलेल्या लाल फडक्यांपासून सर्वांत जवळचा वारकरी जेमतेम तीस पावलांवर पोहत होता. काकांनी ते पाहिले आणि मामांना म्हणाले, “बांबू अलीकडं घ्यावे लागतील की ओ.” मामांनी कयाक सोडली आणि दोघे मिळून बांबू उपटायला गेले.